निरोप बाबांच्या फोनवर, लेकरू आईजवळ



शाळेचा निरोप आता व्हाट्सॲपवर येतो, आणि वर्गाच्या ग्रुपात नंबर असतो बहुतेक लेकराच्या बाबांचा. बाबा फोन खिशात घालून वावरात जातात. संध्याकाळपर्यंत निरोप बाकीच्या मेसेजखाली दबतो. आईला कळते ते दुसऱ्या दिवशी, लेकरू रडत घरी आल्यावर. मोझरी-तिवशाकडच्या कितीतरी घरांत हेच चालते.

म्हणून आधी गुरुजींना किंवा मॅडमना भेटा आणि आपला नंबर ग्रुपात टाकायला सांगा. आपला फोन साधा असेल तर शेजारणीला विचारून तिचा द्या. वाचता येत नसेल तर लाजू नका. निरोप बोलून पाठवा म्हणा. बोलून पाठवायला त्यांनाही टाइप करण्यापेक्षा कमीच वेळ लागतो.

२०२२ मध्ये आपल्या राज्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शाळेत मेळावा भरतो, लेकराला काय येते ते खेळातून पाहतात, आणि वस्तीतल्या आयांचे माता गट होतात. गटातली एक लीडर माता. तिच्या फोनवर घरच्याच वस्तूंनी करायच्या खेळाचा व्हिडिओ येतो. सगळ्या जणी एकाच फोनवर पाहतात, आणि मग फोन बाजूला!

सुपात तुरीचे दाणे घ्या. लेकराला दहा-दहाच्या ढिगल्या करू द्या. एका ढिगलीतले तीन दाणे मुठीत लपवा आणि विचारा, किती उरले? चुकले तर लगेच उत्तर सांगू नका, पुन्हा मोजू द्या. ही वजाबाकीच झाली, फक्त पाटीवर नाही. ‘मी तर चौथी शिकली, मी काय शिकवू?’ असे म्हणणारी बाई बाजारात भाजीचा हिशेब तोंडी करते. तोच हिशेब लेकरासमोर मोठ्याने करायचा.

बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. तो क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड आपल्या वर्गासाठी वापरले होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. फोनमध्ये दीक्षा ॲप घ्या आणि त्यातून हा चौकोन स्कॅन करा, पुस्तकाशी जोडलेले व्हिडिओ उघडतात. रेंज असेल तिथे ते उतरवून ठेवता येतात, मग घरी नेट नसले तरी चालतात.

पण स्वयंपाक होईस्तोवर फोन लेकराच्या हाती देऊन मोकळे होणे, हे शिक्षण नव्हे बाप्पा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात एक तासाच्या वर पडद्यासमोर बसू नये. कमी तितके बरे. व्हिडिओ दहा मिनिटांचा असला तरी शेजारी बसून पाहा, आणि नंतर त्यात काय होते ते लेकराला सांगू द्या.

शाळेतला टीव्ही धूळ खात असेल तर तेही विचारा. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि एकूण निम्म्या बाया असल्या पाहिजेत. टीव्ही बंद आहे तो बिघाडाने, विजेच्या बिलाने, की चालवायचा कसा हे माहीत नाही म्हणून? तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून कारण नीट विचारून घ्या.

पुढच्या बैठकीला लेकराचे पुस्तक सोबत आणा, सगळ्या मिळून कोड उघडून पाहू. ज्यांच्याकडे चार्जर आहे त्यांनी तोही आणा.