वीज येताच जागा होणारा संगणक

कुंभकोणमच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूस ओसरी असते. तमिळात तिला तिण्णै म्हणतात. भोसले राजांच्या काळापासून तंजावर प्रांती स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाच्या घरी आपण अशी ओसरी ओलांडून आत गेलात, तर माजघराच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचे एक लाकडी कपाट आपल्या दृष्टीस पडेल. आमच्या मावशींचे ते खेळाचे यंत्र. नाणे टाकून खेळावयाची जी यंत्रे पूर्वी शहरांतील दुकानांत असत, त्यांची ही घरगुती प्रतिकृती आमच्या मावसभावाने सुटीत येऊन बांधली. आत एक जुना संगणक, वर पडदा, पुढे दांडी आणि रंगीत बटने, एवढाच तिचा संसार.

मावशींचे वय ६८ वर्षे. दुपारची कॉफी झाली की त्या पॅक-मॅन खेळत आणि शेजारच्या मुलांना बहुधा हरवीत. परंतु गेल्या पोंगलला आम्ही गेलो तेव्हा कपाटावर धूळ बसलेली होती. कंटाळा आला का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, खेळाचा कंटाळा नाही. त्याच्या पाया पडण्याचा आहे." संगणकाचे बटन कपाटाच्या तळाशी, मागच्या बाजूस होते. भिंतीवरचा खटका दाबून झाल्यावर गुडघे टेकून आत हात घालावा, तेव्हा कोठे यंत्र सुरू होई. मावशींचे गुडघे आता टेकत नाहीत, आणि ही गोष्ट चेन्नईत राहणाऱ्या मुलास सांगणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते.

वाचकांस नवल वाटेल, परंतु मूळ यंत्रांत ही अडचण नव्हतीच. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' काय किंवा १९८० चा 'पॅक-मॅन' काय, त्यांचा सारा कार्यक्रम रॉम नावाच्या चिपांत कायमचा भरलेला असे. वीज मिळाली की खेळ सुरू, वीज तोडली की बंद. दुकानदाराने सकाळी मुख्य खटका दाबावा आणि रात्री तोच बंद करावा, याहून अधिक काही त्याला करावे लागत नसे. घरगुती संगणकाचे तसे नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून संगणकाचे बटन हा खरा खटका राहिलेला नाही. ते मदरबोर्डाला केवळ सूचना देते, आणि सूचना मिळेपर्यंत वीज दाराशी येऊनही संगणक निजून राहतो.

यावर उपाय मदरबोर्डातच असतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायॉसच्या पडद्यावर जावे. तेथे वीजविषयक पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तत्सम नावाची ओळ असते. तिच्यात सहसा तीन पर्याय दिसतात. त्यांपैकी 'लास्ट स्टेट' हा पर्याय मोठा फसवा आहे. संगणक रीतसर बंद करून मग वीज तोडली असेल, तर शेवटची अवस्था 'बंद' हीच ठरते आणि वीज आल्यावरही तो उठत नाही. म्हणून 'पॉवर ऑन' हाच पर्याय निवडावा. काही बोर्डांवर 'ईआरपी' नावाची वीजबचतीची सोय असते. ती चालू असल्यास ही योजना चालत नाही. भिंतीवरचा खटका बंद केल्यावर लगेच पुन्हा दाबू नये, दहा-पंधरा सेकंद थांबावे, म्हणजे वीज गेल्याचे बोर्डाला नीट कळते. पुढे संकेतशब्द न विचारता प्रवेश होईल आणि खेळांची यादी आपोआप उघडेल, अशी व्यवस्था संगणकात करून ठेवावी. ज्या संगणकावर बँकेची कागदपत्रे आहेत त्याच्यावर मात्र हे कदापि करू नये.

एवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो. त्याच रात्री वीज गेली आणि अडीचच्या सुमारास परत आली. माजघरात एकाएकी उजेड पडला आणि यंत्र मोठ्याने गाऊ लागले! मावशी उठून आल्या. रागावल्या नाहीत, पण भिंतीवरचा खटका त्यांनी तसाच खाली ओढला.

त्या वेळी आमच्या लक्षात आले की अर्धेच काम झाले आहे. संगणक आतल्या आत काही लिहीत असताना वीज तुटली तर त्याच्या फायली बिघडू शकतात. २०१२ च्या सुमारास चेन्नईबाहेरच्या तमिळनाडूत दिवसाचे कित्येक तास वीज नसे; तसे दिवस आता नाहीत, तथापि वीज अधूनमधून जातेच. उठविण्याइतकीच निजविण्याचीही सोय हवी. मदरबोर्डावर बटनासाठी दोन पिना असतात. तेथून लांब तार काढून आम्ही एक गोल बटन कपाटाच्या दर्शनी बाजूस, हाताच्या उंचीवर बसविले आणि त्यावर 'बंद' असे लिहिले. आता भिंतीचा खटका दाबला की यंत्र सुरू होते. खेळ संपला की गोल बटन एकदा दाबावे, पंखा थांबला की खटका बंद करावा. खटका बंद असल्याने मध्यरात्रीचे गाणेही थांबले. या सवयीचा एक तोटा आहे: संगणकाला बाहेरची वीज मुळीच मिळत नसल्यामुळे बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी लवकर संपते, आणि ती संपली की बायॉस आपली निवड विसरतो. यंत्र पुन्हा उठेनासे झाले तर प्रथम ती बदलून पाहावी.

नवे यंत्र बांधणाऱ्यांनी रास्पबेरी पाय या २०१२ साली विक्रीस आलेल्या छोट्या संगणकाचा अवश्य विचार करावा. वीज मिळताच तो आपण होऊन सुरू होतो, बायॉसची खटपट नाही. त्याचे कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे वीज केव्हाही गेली तरी कार्ड बिघडण्याची भीती फारशी राहत नाही. मात्र मग खेळातले गुणही कार्डावर लिहिले जात नाहीत. वीज गेली की ते गेले.

तोच संगणक आपल्या कपाटात बसवावा, असे आम्ही मावशींना सुचविले. त्यांनी सारे लक्षपूर्वक ऐकले आणि एकच प्रश्न केला, "म्हणजे माझे आकडे रोज पुसले जाणार?"

कपाटात जुनाच संगणक आहे.