गार तळ्याच्या तळाशी

जर्मनीच्या उत्तरेला, एल्ब नदी समुद्राला मिळते त्या मुलखात, हेमूर नावाचं एक गाव आहे. तिथं पूर्वी खडूच्या दगडाची मोठी खाण होती, त्या दगडाचं सिमेंट बनायचं. पुढे खाण बंद पडली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि जमिनीतल्या पाण्याने तो सगळा खड्डा भरून टाकला. आता तिथं सुमारे ६० मीटर खोल तळं आहे.

स्पर्धेचे दिवस जवळ आले की फ्रीडायव्हर मंडळी अशा तळ्यांत सरावाला उतरतात. पाठीवर हवेची टाकी नाही, तोंडात नळी नाही. छातीभर एक श्वास घ्यायचा, दोरीच्या कडेने खाली जायचं आणि तेवढ्याच श्वासावर परत यायचं. मोठ्या स्पर्धा भूमध्य समुद्रात नाही तर बहामा बेटांच्या कोमट पाण्यात होतात. पण उत्तर युरोपातल्या माणसाच्या घराजवळ खोल पाणी असतं ते असलं, गार आणि काळोखं.

तुम्ही म्हणाल, आजोबा, उन्हाळ्यात तरी तळं तापत असेल ना? तापतं, पण वरवर. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. हिवाळ्यात वरचं पाणी गार होत होत ४ अंशांवर आलं की जड होऊन तळाशी जाऊन बसतं. त्याहून गार झालेलं पाणी पुन्हा हलकं होतं, वरच राहतं आणि त्याचंच बर्फ होतं. म्हणून तर बर्फाखाली मासे जिवंत राहतात बरं का. उन्हाळा आला की वरचं पाणी तापून आणखी हलकं होतं, आणि खालचं जड पाणी जागचं हलतच नाही. त्यामुळे पोहणारा दहा-बारा मीटर खाली गेला की एकाएकी त्याला थंडीची सीमा लागते. वर पोहण्याजोगं पाणी आणि हातभर खाली कपाळ बधिर करणारं. भर जुलैतही तळाशी चार-पाच अंशच असतात.

अशा पाण्यात माणसाच्या शरीराला एकाच वेळी दोन उलटे हुकूम मिळतात. अंगाच्या कातडीला गार पाणी लागलं की ती घाबरते. श्वास फुलतो, छाती धडधडते. तुम्हीही थंडीत गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की ‘हाः’ करता, तेच हे. पण चेहऱ्याची कातडी वेगळं सांगते. कपाळ, डोळे आणि नाकाच्या भोवती एका मोठ्या मज्जातंतूची टोकं पसरलेली आहेत. तिथं गार पाणी लागलं आणि श्वास रोखलेला असला की मेंदू हृदयाला सांगतो, सावकाश. सत्तरच्या आसपास पडणारे ठोके पन्नासावर येतात, मुरलेल्या पाणबुड्यांचे तर चाळिशीच्याही खाली जातात. पाणी जितकं गार, तितकी ही आज्ञा जोरकस. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० साली पाण्याखाली धरलेल्या बदकांमध्ये हे मंदावणं टिपलं होतं. पुढे पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने सील या समुद्री प्राण्यात ते बारकाईने तपासलं, आणि माणसातही ते आहेच हे दिसून आलं. आपण जमिनीवर चालणारी माणसं, तरी सीलची ही जुनी विद्या आपल्यातही शाबूत आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

दोन हुकूम भांडत राहिले तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ही मंडळी अंगात निओप्रीनचा जाड सूट घालतात, म्हणजे अंगाची कातडी शांत राहते, आणि पहिल्या बुडीआधी उघड्या चेहऱ्याला पाण्याची ओळख करून देतात. धाप बसेपर्यंत कोणी खाली जात नाही. थोडे दिवस सवय केली की अंगाचं दचकणंही पुष्कळ कमी होतं. सरावाचा पहिला धडा तोच.

आता बुडी सुरू झाली. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळतं. आणि पोटात डाव्या बाजूला फासळ्यांखाली बसलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, कामाला लागते. तुमची आजी तांदळाच्या डब्यात थोडे पैसे लपवून ठेवते आणि अडचणीला बाहेर काढते ना, तशी ही लाल रक्तपेशी साठवून ठेवते. श्वास रोखला की ती आकसते आणि साठा रक्तात सोडते, म्हणजे प्राणवायू वाहून न्यायला आणखी हात मिळतात. तीन-चार बुड्यांनंतर श्वास जास्त वेळ टिकतो तो काही अंशी यामुळेच. अंटार्क्टिकातला वेडेल सील तासाभराहून अधिक बुडून राहतो, त्याची पानथरी तर भलीमोठी असते. आणि इंडोनेशियाच्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून मासे धरणारे बाजाव लोक आहेत. शेजारच्या शेती करणाऱ्या लोकांपेक्षा त्यांची पानथरी जवळपास दीडपट मोठी असल्याचं २०१८ साली संशोधकांना आढळलं. जे बाजाव बुड्या मारत नाहीत त्यांचीही मोठीच. म्हणजे हे मोठेपण त्यांना वाडवडिलांकडून आलं.

खाली दाब वाढतो. १० मीटरवर छातीतली हवा निम्मी होते, ३० मीटरवर चौथा हिस्सा उरते. सहा लिटरची दीड लिटर! याहून फार खाली गेलं तर छाती चेपून जाईल, असं जुने डॉक्टर सांगत. १९६८ साली अमेरिकन नौदलातला बॉब क्रॉफ्ट ७० मीटरच्या पुढे जाऊन परत आला. त्याच्यावर केलेल्या मोजणीतून कळलं की हातापायांतलं जवळपास एक लिटर रक्त छातीत येऊन रिकामी होणारी जागा भरून काढतं. आठ वर्षांनी इटलीच्या एल्बा बेटाजवळ जाक मायोल नावाचा फ्रीडायव्हर १०० मीटरवर पोचला. छातीत जास्त रक्त आलेलं पाहून शरीराला वाटतं पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात. हसू नका, सरावाला आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणून दोन बुड्यांच्या मध्ये आठवणीने पाणी प्यायचं.

गार तळ्याची आणखी एक खोड आहे. निओप्रीनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, ऊब त्यांचीच. खोल गेलं की तेही चेपतात, आणि पाणी सगळ्यात गार असतं नेमकं तिथंच सूट पातळ होतो. मग हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंची धावपळ, आणि स्नायू धावले की प्राणवायू जळतो. ज्याला कुडकुडायला लागलं त्याने तिथंच थांबायचं, थर्मासमधलं कोमट पाणी सुटात ओतून घ्यायचं आणि काठावर यायचं. यात कमीपणा नाही.

कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. एका श्वासावर बुडी मारून त्या शंख-शिंपले काढतात, त्यांतल्या कित्येक साठीच्या पुढच्या. पूर्वी त्या साधे सुती कपडे घालून ऐन हिवाळ्यातही समुद्रात उतरत. १९६० च्या दशकात संशोधकांनी तपासलं, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची आतली शेगडी इतर बायकांपेक्षा जास्त पेटलेली आढळली, आणि कुडकुडणंही उशिरा सुरू व्हायचं. १९७० च्या दशकात रबरी सूट आले. काही वर्षांतच ती ताकद नाहीशी झाली. शरीर थंडी शिकलं होतं, गरज सरली तसं विसरलं. एक गोष्ट मात्र कायम राहिली, त्या समुद्रात मिळून जातात.

कारण यातला खरा धोका आधी सूचना देत नाही. ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणून जी ओढ लागते ती साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू किती उरला हे शरीर नीट सांगतच नाही. आणि खाली असताना दाबामुळे थोडका प्राणवायूही मेंदूला पुरतो. वर येताना दाब उतरतो, शेवटच्या १० मीटरांत तो निम्मा होतो, आणि मघापर्यंत पुरणारा प्राणवायू अचानक पुरेनासा होतो. माणूस हातभर पाण्यात, उजेडात, सुखाने वर येता येता बेशुद्ध होतो. त्याला कळतही नाही. बुडीआधी भराभर श्वास घेणाऱ्याला हा धोका जास्त, कारण त्याने ओढ लावणारा कार्बन डायऑक्साइडच बाहेर टाकलेला असतो. बाळांनो, तलावात श्वास रोखायची पैज कधीही लावू नका.

म्हणून एक खाली, एक वर. जोडीदार दोरीवर नजर ठेवतो, ठरल्या वेळी तोही बुडी घेतो आणि शेवटचे दहा-पंधरा मीटर समोरासमोर वर येतो, नजर साथीदाराच्या डोळ्यांवर. पाण्यावर आल्यावरही निदान अर्धा मिनिट नजर हटवायची नाही. तेवढ्यात शुद्ध हरपली तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर हलकी थाप मारायची, नाव घेऊन हाक मारायची आणि डोळ्यांभोवती फुंकर घालायची. गार पाण्याने ज्या चेहऱ्यावरून श्वासाला कुलूप लागलं होतं, त्याच चेहऱ्याला वारा लागला की बहुतेक वेळा श्वास सुरू होतो.

बऱ्याच स्पर्धांतही हीच शुद्ध तपासतात. वर आल्यावर १५ सेकंदांत मास्क काढायचा, हाताने खूण करायची आणि ‘मी ठीक आहे’ असं म्हणायचं, याच क्रमाने. क्रम चुकला तर कितीही खोल गेलेला असो, ती बुडी बाद. म्हणून तळ्यावर सरावाच्या छोट्या बुडीनंतरही हे तिन्ही करायला लावतात. मग दोघं जागा बदलतात. वर राखण करणाराही इतका वेळ गारठ्यातच तरंगत असतो, त्यामुळे त्याची पाळी येते तेव्हा त्याच्या बुड्या कमी आणि उथळ ठेवतात, आणि कोण आधी जाणार हे दर खेपेला बदलतात.