'आनंदघन' : लता मंगेशकर यांची संगीतकार व निर्माती म्हणून वाटचाल

प्रस्तावना

पाश्चात्त्य सुगम संगीतात १९६० च्या दशकापासून एक कलावंत-प्रकार विशेष परिचित झाला. स्वतःच गीत रचणारा, स्वतःच ते गाणारा आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीची जबाबदारीही स्वतःकडे घेणारा असा हा कलावंत होय. भारतीय चित्रपटसंगीताची घडण मात्र श्रमविभागणीवर झाली. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आवाज पार्श्वगायकाचा आणि मालकी निर्मात्याची, अशी ही व्यवस्था आहे. तीत गाण्याचे 'श्रेय' नेमके कोणाचे, हा प्रश्न सतत उपस्थित होत राहिला.

या व्यवस्थेतील सर्वाधिक परिचित आवाज म्हणजे लता मंगेशकर (२८ सप्टेंबर १९२९ – ६ फेब्रुवारी २०२२). त्यांच्या गायनाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यांनी पाच मराठी चित्रपटांना संगीत दिले आणि चार चित्रपटांच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता, या बाजूची चर्चा बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. प्रस्तुत लेखात ही उपेक्षित बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. गायिकेच्या नावाला श्रेय मिळावे म्हणून आग्रह धरणाऱ्या या कलावंताने संगीतकार म्हणून आपले नाव मात्र झाकून का ठेवले, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

खानदेशातील आजोळ

लतादीदींचा जन्म इंदूरचा, वडिलांचे मूळ गोव्यातील मंगेशीचे. परंतु त्यांचे आजोळ खानदेशातील आहे. त्यांच्या मातोश्री शेवंती तथा माई या थाळनेरच्या. तापीकाठी वसलेले हे गाव आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. फारुकी राजवटीचा आरंभ याच थाळनेरला झाला आणि त्या घराण्यातील शासकांच्या कबरी आजही तेथे आहेत. या गावातील हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याच्या नर्मदा या कन्येशी मास्टर दीनानाथ यांचा प्रथम विवाह झाला. तिच्या निधनानंतर १९२७ मध्ये धाकटी बहीण शेवंती हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही या दांपत्याची अपत्ये होत.

खानदेश हा मराठी आणि गुजराती भाषाप्रदेशांचा संधिप्रदेश आहे. अहिराणी बोलीवर गुजरातीच्या खुणा स्पष्ट दिसतात. तशाच त्या येथील सणवारांत आणि गाण्यांतही दिसतात. लतादीदींनी आपल्या आजीकडून पावागडच्या गरब्यांसारखी गुजराती लोकगीते लहानपणीच आत्मसात केली होती. म्हणजे घरात वडिलांकडून रागसंगीत व नाट्यसंगीत आणि आजोळकडून स्त्रियांच्या कंठातील लोकगीत, असे दोन प्रवाह त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या पुढील संगीतरचनांचा थेट उगम थाळनेरमध्ये शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि, लोकगीत ही केवळ 'ऐकण्याची' गोष्ट नसून घरात गायली जाणारी गोष्ट आहे, हा संस्कार आजोळचा होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

याच संदर्भात खानदेशातील आणखी एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जात्यावरच्या ओव्या, लग्नगीते, सणांची गाणी ही येथील स्त्रियांची निर्मिती असली, तरी त्यांना रचनाकर्तीचे नाव नसते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचना त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हाच त्यांचे नाव महाराष्ट्राला कळले. स्त्रीने रचलेले गाणे आणि त्याला जोडलेले नाव यांतील अंतर हा या प्रदेशाला अपरिचित विषय नाही.

आवाज आणि नाव

२४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा लतादीदी अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. कुटुंबाचा भार अंगावर आल्याने मास्टर विनायक यांच्या आधाराने त्यांनी चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका केल्या. १९४५ मध्ये त्या मुंबईला आल्या. गुलाम हैदर यांच्या 'मजबूर' (१९४८) आणि खेमचंद प्रकाश यांच्या 'महल' (१९४९) या चित्रपटांनी पार्श्वगायिका म्हणून त्यांचे स्थान पक्के केले.

'महल'च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून छापलेले नाव मात्र 'कामिनी' असे होते. कामिनी ही त्या चित्रपटातील पात्र होय. गाणे पडद्यावरील पात्राचे, म्हणून आवाजही पात्राचाच, अशी त्या काळची समजूत होती. आकाशवाणीकडे श्रोत्यांनी गायिकेविषयी विचारणा केल्यानंतर खरे नाव पुढे आले. ज्या गाण्याने गायिका घडली, त्याच गाण्यावर तिचे नाव नव्हते!

या अनुभवानंतर नावाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पुरस्कार नसल्याने १९५७ मध्ये समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ पासून हा पुरस्कार सुरू झाला आणि 'मधुमती'तील गीतासाठी तो प्रथम त्यांनाच मिळाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी गायकांना रॉयल्टीचा वाटा मिळावा, अशी मागणी त्यांनी केली. गायकाला गायनाचे मानधन एकदा मिळाले की त्याचा संबंध संपतो, अशी मोहम्मद रफी यांची भूमिका होती. या मतभेदातून काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबविले. या प्रश्नाचे महत्त्व कायद्याने मान्य होण्यास बराच काळ जावा लागला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने कलावंतांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावरील रॉयल्टीचा हक्क मान्य केला.

'आनंदघन' : टोपणनावाची निवड

संगीतकार म्हणून लतादीदींचा पहिला चित्रपट दिनकर द. पाटील यांचा 'राम राम पाव्हणं' (१९५०) हा होय. येथे त्यांनी स्वतःच्याच नावाने संगीत दिले. त्यानंतर दीर्घ खंड पडला. १९६० च्या दशकात भालजी पेंढारकर यांच्या सलग चार चित्रपटांना त्यांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिले. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) हे ते चित्रपट होत.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी संगीतकार उपलब्ध होत नव्हता. तेव्हा लतादीदींनी स्वतः संगीत देण्याची तयारी दाखविली. चित्रपट अयशस्वी झाल्यास गायिका म्हणून मिळविलेल्या नावाला धक्का बसेल, अशी चिंता भालजींना वाटली आणि त्यातून टोपणनावाचा मार्ग निघाला, असे सांगितले जाते. 'आनंदघन' हा शब्द समर्थ रामदासांच्या काव्यातून घेतल्याचेही सांगण्यात येते.

टोपणनावाची ही निवड त्या काळच्या परिस्थितीत समजून घ्यावी लागते. संगीत दिग्दर्शन हे क्षेत्र पुरुषांचे मानले जात होते. बॉम्बे टॉकीजच्या खोर्शेद मिनोचेर-होमजी यांनी १९३५ पासून चित्रपटांना संगीत दिले, ते 'सरस्वती देवी' या नावाने. कारण पारशी समाजाचा त्यांच्या चित्रपटप्रवेशाला विरोध होता. जद्दनबाई यांनीही १९३५ मध्ये 'तलाश-ए-हक'ला संगीत दिले. उषा खन्ना यांनी १९५९ च्या 'दिल देके देखो'पासून स्वतःच्या नावाने दीर्घ कारकीर्द केली. परंतु अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

सरस्वती देवी आणि आनंदघन यांच्या टोपणनावांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्या नावामागे समाजाचा रोष होता. दुसऱ्या नावामागे प्रसिद्धीचा भार होता. 'कामिनी' हे नाव गायिकेवर लादले गेले होते. 'आनंदघन' हे नाव तिने स्वतः स्वीकारले आणि त्यामुळे चाल केवळ चाल म्हणून ऐकली जाण्याची शक्यता निर्माण झाली.

संगीतरचनेची वैशिष्ट्ये

भालजींच्या चित्रपटांचे विश्व ऐतिहासिक आणि ग्रामीण होते. त्यामुळे आनंदघन यांच्या चालींचा आधार लोकसंगीताचा आहे. मात्र लोकधुनेची नक्कल न करता तिला सुगम संगीताच्या आटोपशीर, गेय चौकटीत बसविणे, हे त्यांचे कौशल्य दिसून येते. 'मराठा तितुका मेळवावा' या एकाच चित्रपटात वीरश्रीचे समूहगीत, गावाचा निरोप घेणारे आर्त गीत आणि नाजूक लावणी असे तीन भिन्न प्रकार आढळतात.

दुसरे वैशिष्ट्य आवाजांच्या वाटपाचे आहे. संगीतकार स्वतः गायिका असताना सर्व गाणी स्वतःकडे ठेवण्याचा मोह स्वाभाविक होता. प्रत्यक्षात शांता शेळके यांच्या शब्दांतील लावणी आशा भोसले यांना दिली गेली, तर हेमंतकुमार यांच्यासारख्या बंगाली गायकाचा आवाज मराठी चित्रपटगीतात आणला गेला. कोणत्या गाण्याला कोणता आवाज लागेल, याचा निर्णय येथे गायिकेने नव्हे तर संगीतकाराने घेतलेला आहे.

तिसरे वैशिष्ट्य शब्दाला दिलेले प्राधान्य हे होय. जगदीश खेबुडकर यांनी लिहिलेले 'साधी माणसं'मधील ऐरणीच्या देवाला उद्देशून असलेले गीत याचे उत्तम उदाहरण आहे. लोहाराच्या श्रमाचे हे गीत प्रार्थनेच्या पातळीवर जाते, ते चालीच्या संयमामुळे. येथे तान-मुरक्यांचे प्रदर्शन नाही. गायिकेचा आवाका मोठा असूनही संगीतकाराने तिला आवर घातला आहे.

'साधी माणसं'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे 'तांबडी माती'लाही तो मिळाला. 'साधी माणसं'साठी उत्कृष्ट संगीताचा महाराष्ट्र राज्य पुरस्कार आनंदघन यांना जाहीर झाला. समारंभात नाव पुकारल्यावर कोणीही उठले नाही. तेव्हा लता मंगेशकर म्हणजेच आनंदघन, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले, ही आठवण प्रसिद्ध आहे. गाण्याला पसंती आधी मिळाली आणि नाव नंतर उघड झाले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

निर्माती म्हणून

निर्मितीच्या क्षेत्रातील वाटचाल तुलनेने तुटक आहे. 'वादळ' (१९५३, मराठी), सी. रामचंद्र यांच्यासह 'झांझर' (१९५३) आणि 'कांचन' (१९५५) या प्रारंभीच्या निर्मितीनंतर सुमारे साडेतीन दशकांनी गुलजार दिग्दर्शित 'लेकिन' (१९९०) हा चित्रपट आला. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे होते. या चित्रपटासाठी संगीत, गीतलेखन आणि स्त्री पार्श्वगायन हे तिन्ही राष्ट्रीय पुरस्कार अनुक्रमे हृदयनाथ, गुलजार आणि लतादीदी यांना मिळाले. २०१२ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'एल. एम. म्युझिक' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. रॉयल्टीचा आग्रह धरणाऱ्या गायिकेने अखेरीस मालकीचा प्रश्न स्वतःपुरता अशा रीतीने सोडविला.

निष्कर्ष

१) लता मंगेशकर यांची संगीतकार म्हणून कारकीर्द पाच चित्रपटांची, म्हणजे संख्येने अल्प आहे, परंतु तिचे मोल गायनाच्या कारकिर्दीची पुरवणी म्हणून न करता स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

२) 'कामिनी' ते 'आनंदघन' हा प्रवास नाव नाकारले जाण्यापासून नाव स्वेच्छेने बाजूला ठेवण्यापर्यंतचा आहे. श्रेय हा हक्क आहे आणि त्या हक्काचा वापर न करण्याचे स्वातंत्र्यही त्यातच येते.

३) हे स्वातंत्र्य प्रस्थापित नाव असलेल्या कलावंतालाच परवडते. ओव्या रचणाऱ्या खानदेशातील असंख्य स्त्रियांचे अनामिकत्व स्वेच्छेचे नव्हते. दोन्हींना एकाच मापाने मोजणे योग्य ठरणार नाही.

४) मराठी, संगीत, वाणिज्य आणि विधी या विद्याशाखांना एकत्र आणणारा हा विषय आहे. चित्रपटगीत अध्यापनासाठी घेताना गीतकार, संगीतकार, गायक आणि हक्कधारक यांची नावे विद्यार्थ्यांकडून शोधून घेतल्यास गाण्यामागील श्रमव्यवस्था त्यांच्या लक्षात येऊ शकेल. धुळे-जळगाव परिसरातील महाविद्यालयांना थाळनेरच्या निमित्ताने आजोळच्या, स्त्रियांच्या कंठातील गाण्यांचे संकलन गाणाऱ्या स्त्रीच्या नावासह करता येईल. त्या गाण्यांना किमान आता तरी नाव मिळणे अगत्याचे आहे.