गिअरबॉक्सला रंग द्यावा की न द्यावा?

संग्रामपूर, वरवट बकाल, जळगाव जामोद, शेगाव या भागात कापूस, केळी आणि खताची पोती वाहणाऱ्या ट्रकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या जोरावर फिटर, पेंटर, वेल्डर आणि बॉडी बांधणारे मिस्त्री अशा आपल्या कितीतरी कारागीर बांधवांची घरे चालतात. पासिंगची वेळ आली की ट्रक रंगाला येतो. मालकाने "खालूनही चकाचक करा" म्हटले की पेंटर चेसिसबरोबर गिअरबॉक्सवरही काळा फवारा मारून मोकळा होतो. हे बरोबर आहे काय, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्यात मालकाचा पैसा आणि कारागिराचे नाव दोन्ही गुंतलेले आहे.

पूर्वी गिअरबॉक्सचे खोके बिडाचे असे. बीड गंजते, म्हणून त्याला रंग लागतोच. आता अनेक गाड्यांत क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे येते. ओळखायचे असेल तर लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर बीड किंवा पोलाद, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणजे स्वच्छ, कोरड्या जागी वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या ॲल्युमिनियमला रंगाची गरज नाही.

आपल्या भागातली अडचण

पण आपला भाग वेगळा आहे. तालुक्याचा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की मीठ फटीत जाऊन बसते. पोटॅश खतातही क्लोराइड असते आणि फाटक्या पोत्यातून सांडलेले खत चेसिसवर येते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मिठाचे पाणी रात्रभर राहिले तर बुडाला पांढरे ठिपके पडतात, हे आपल्या घरातल्या बायका जाणतात. गिअरबॉक्सवरही तसेच होते. पांढरी भुकटी दिसली की समजावे, धातू खाल्ला जात आहे.

जास्त नुकसान बोल्टपाशी होते. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे आवरण यांच्यामध्ये खारे पाणी आले की लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. मग बोल्ट आट्यात धरतो, खोलताना तुटतो किंवा आटेच घेऊन बाहेर येतो. म्हणून बोल्ट बसवताना आट्यांना योग्य ते ग्रीस लावावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फक्त ॲल्युमिनियम रंगवले आणि पोलाद उघडे ठेवले, तर रंगाला जिथे ओरखडा असेल त्या टिचभर जागी सगळी झीज एकवटते. रंगवायचेच असेल तर पोलादी भाग आधी रंगवावा.

रंगाने गिअरबॉक्स तापतो काय?

हा समज सर्वत्र आहे. पातळ एका हाताचा रंग केसापेक्षाही पातळ असतो, त्याने उष्णता अडत नाही. उलट चकचकीत उघड्या धातूपेक्षा रंगवलेला पृष्ठभाग उष्णता अधिक बाहेर टाकतो. उष्णता अडते ती वर्षानुवर्षे चढवलेल्या थरांवर थर रंगाने, पुट्टीने आणि त्याहून जास्त तेल-चिखलाच्या लेपाने. तेव्हा रंगाची भीती नको, धुण्याचा आळस नको.

रंगवायचेच तर असे

कल्हईवाला आधी भांडे घासतो, नवसागर लावतो, तेव्हाच कथील धरते. ॲल्युमिनियमचेही तसेच आहे. प्रथम तेल-ग्रीस पूर्ण काढावे. कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये, तो ॲल्युमिनियमच खातो. लोखंडी वायर ब्रश नको. त्याचे कण धातूत रुतून नवी झीज सुरू करतात. नायलॉनचा ब्रश आणि बारीक कागद पुरे. त्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. रेड ऑक्साइड हे लोखंडासाठी आहे. इथे ॲल्युमिनियमला धरणारा एच प्रायमर लागतो. त्यावर इनॅमलचा पातळ हात द्यावा. प्रायमर न लावता मारलेला रंग काही महिन्यांत पापुद्र्याने सुटतो. त्याखाली खारा ओलावा अडकला की उघड्या धातूपेक्षाही वाईट अवस्था होते.

फवारण्यापूर्वी ब्रीदर झाकावा आणि काम झाल्यावर आठवणीने उघडावा. तो रंगाने बुजला तर आत दाब वाढून ऑईल सीलमधून तेल गळते. जोडणीचे सपाट भाग, बोल्टच्या डोक्याखालची जागा, अर्थची वायर बसते ती जागा आणि नंबर कोरलेली जागा रंगापासून वाचवावी. बोल्टखाली जाड रंग राहिला तर तो दबतो आणि कसलेला बोल्ट सैल पडतो. पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर वापरणाऱ्यांनी तर तोंडावर योग्य मास्क लावल्याशिवाय फवारा हातात धरू नये. त्यातील क्रोमेटमुळे कर्करोग होऊ शकतो.

रंगाखाली काय आहे?

शेवटची गोष्ट व्यवहाराची. जुना ट्रक विकायला काढताना चिरलेल्या आवरणावर पुट्टी भरून वर चंदेरी रंग मारण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती चीर चढावर, भरल्या गाडीत उघडते आणि नुकसान घेणाऱ्याचे होते. मालातला ऐब लपवून विकणे नाजायज आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. चीर असेल तर आर्गन वेल्डिंग करावे किंवा आवरण बदलावे, आणि घेणाऱ्याला तसे सांगावे.

तेव्हा आमचे मत असे: ॲल्युमिनियम निरोगी असेल आणि गाडी गोड्या पाण्याने धुतली जात असेल तर ते उघडेच ठेवावे. खारपाणपट्ट्यात रोज फिरणाऱ्या किंवा खत वाहणाऱ्या गाडीला रंग जरूर द्यावा, पण साफसफाई आणि प्रायमरसह. त्याची मजुरी बिलात वेगळी लिहून मागावी. पूर्ण काम केलेल्या कारागिराने दाम मागायला लाजू नये. अर्धे काम करून पूर्ण दाम घेणाऱ्याने मात्र जरूर लाजावे.