‘कपूर अँड सन्स’: भावाभावांतली अढी कुठून येते?

शकुन बत्रा यांच्या ‘कपूर अँड सन्स’ (२०१६) या चित्रपटात आजोबांना हृदयविकाराचा झटका येतो आणि परदेशात राहणारे दोन भाऊ कुन्नूरच्या घरी परततात. राहुल नावाजलेला लेखक. अर्जुनचं लेखन मात्र तडीस जात नाही. आपली कथा राहुलने चोरली, हा अर्जुनच्या मनातला जुना सल. खरं तर ती कथा राहुलपर्यंत आईनेच पोचवलेली असते. अर्जुनच्या हातून काही होणार नाही, हे तिने गृहीतच धरलेलं असतं.

अढीचं मूळ इथे आहे. एकाला गुणी आणि दुसऱ्याला धरसोड्या ठरवलं, की दोघंही त्या शिक्क्याखाली दबतात. धाकटा मनात हिशेब मांडत राहतो. थोरल्याला आदर्शपणाच्या ओझ्यापायी आपण समलिंगी आहोत हेही घरात सांगता येत नाही. पाइप दुरुस्त करायला प्लंबर आलेला असतानाच घरात भांडण पेटतं, तेव्हा कळतं, वाद पाइपचा नाहीच; वर्षानुवर्षं साचलेलं बाहेर पडतंय. भावंडांमधला अबोला सुटायचा, तर आईवडिलांनी आधी त्यातला आपला वाटा कबूल करायला हवा.