‘मिसकंटेंट’ आणि ‘मेकोंतां’ : असंतोषवाचक शब्दांचा अर्थविचार

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इंग्रजीत असंतुष्ट या अर्थी ‘मिसकंटेंट’ हा शब्द प्रचारात होता. त्याचा फ्रेंच प्रतिशब्द ‘मेकोंतां’. दोहोंच्या मुळाशी ‘आवरून धरलेला’ या अर्थाचा लॅटिन ‘कंतेंतुस’ हा शब्द आहे. ज्याच्या इच्छा मर्यादेत सामावतात तो संतुष्ट, अशी ही कल्पना होय. पुढे इंग्रजीत ‘डिसकंटेंट’ रूढ होऊन ‘मिसकंटेंट’ लोपला; ‘मेकोंतां’ मात्र फ्रेंचमध्ये आजही नित्य वापरात आहे.

याच कुळातील ‘मालकंटेंट’ या शब्दास राजकीय अर्थ लाभला. फ्रान्समधील धर्मयुद्धांच्या काळात, १५७४ ते १५७६ या वर्षांत, आलांसाँचा ड्यूक फ्रांस्वा याच्याभोवती जमलेला असंतुष्ट सरदारांचा गट याच नावाने ओळखला गेला. इंग्रजीत हा शब्द व्यवस्थेवर रुष्ट असलेल्या व्यक्तीस लावला जाऊ लागला. जॉन मार्स्टनच्या १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकाचे शीर्षकही तेच आहे.

अशा प्रकारे मनःस्थिती आणि विरोधाची भूमिका यांसाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द स्थिरावले. मराठीतील ‘असंतोष’ मात्र हे दोन्ही अर्थ वाहतो. व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० मध्ये टिळकांच्या संदर्भात योजलेल्या ‘अनरेस्ट’ या शब्दासाठीही मराठीत ‘असंतोष’ हाच शब्द रूढ झाला. म्हणूनच अनुवाद करताना व शिकविताना केवळ कोशातील प्रतिशब्दावर विसंबणे पुरेसे नाही. ‘असंतोष’ मनातला की रस्त्यावरचा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.