पडघ्याच्या वीटभट्टीवर मे महिना

रात्री २. आमच्या भट्टीवरचा दिवस रात्रीच सुरू होतो. संध्याकाळी तुडवून ठेवलेला चिखल तयार असतो आणि कातकरी जोडपी बल्बच्या उजेडात साचा घेऊन बसतात, कारण मे महिन्याच्या उन्हात वीट पाडणं झेपत नाही. मी मुकादम. सगळे कामाला लागले की आधी मोबाइलवर ‘दामिनी’ उघडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे अ‍ॅप. वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली तर नकाशावर दिसते.

सकाळी ६. उजाडल्यावर ओळीने मांडलेल्या विटा दिसतात. मजुरी हजारावर असते, पण मोजणी होते विटा सुकल्यावर. तोवर ती नुसती माती. वळवाची एक सर आली की रात्रभराच्या कष्टाचा चिखल होतो.

सकाळी ८.३०. चोवीस तासांत किती पाऊस पडला, हे हवामान खातं याच वेळेला मोजतं. मी तेव्हा पिण्याच्या पाण्याचं पिंप बघतो. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं प्रत्येक झोपडीत शिकवून ठेवलंय. चमचे सपाट भरायचे, मीठ जास्त झालं तर पोरांना बाधतं.

सकाळी ११. काम थांबवायची वेळ, आणि इथेच रोजची ओढाताण. “दादा, अजून दोनशे पाडते, मग उठते,” असं कुणीतरी म्हणतंच. अंगावर पावसाळ्यातली उचल असते, ती फेडल्याशिवाय घरी जाता येत नाही. तिचं चुकत नाही. तरी साचा उचलून ठेवायला लावतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात १४ माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा अडतिसाच्या आसपासच होता. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, अशी उष्णतेच्या लाटेची सरकारी व्याख्या आहे. दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही, म्हणून इथे चाळिशी गाठायची वाट बघायची नसते. मुंबईतल्या कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचे आकडे वाचून पडघ्याचं ऊन समजत नाही. समुद्राचा वारा इथवर उशिरा पोहोचतो, कधी पोहोचतच नाही. कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, तर सावलीत निजवायचं, ओली फडकी लावायची, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

दुपारी १. या सुमाराला मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पुढच्या दिवसांचा अंदाज आलेला असतो. ठाणे जिल्हा, पिवळा किंवा नारिंगी इशारा. पण मीरा-भाईंदरची खाडी आणि मुरबाडचा घाट एकाच जिल्ह्यात येतात, आणि रंग दोघांना एकच. अंदाज चुकतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. जिल्ह्याच्या अंदाजाने उद्याची तयारी करायची आणि आज काय होणार ते तीन तासांच्या तात्काळ इशाऱ्यावरून ठरवायचं, एवढं समजून घेतलं तर तो फार उपयोगी पडतो.

दुपारी ४. माहुलीच्या बाजूला ढग वर चढू लागतात. तापलेली दमट हवा सह्याद्रीवर उसळते, गडगडते आणि तिथून आमच्याकडे सरकते. इशारा आला की ताडपत्री, पेंढा, प्लास्टिक, हाताला लागेल ते विटांवर. सगळ्यात मोठी भीती विजेची. पडघ्याच्या उपकेंद्रात चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी येते, शिवाराभोवती मनोरेच मनोरे आहेत, आणि पोरं आडोशाला नेमकी त्यांच्याकडे किंवा झाडाखाली धावतात. गडगडाट ऐकू आला की ताडपत्री अर्धी राहिली तरी चालेल, सगळ्यांनी पक्क्या खोलीत. शेवटचा आवाज होऊन अर्धा तास होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही.

संध्याकाळी ७. झोपड्यांची फेरी. पूर्वी मजूर पावसाआधी पाड्यावर परतत, म्हणून पुराचा विचार भट्टीवर कुणी करत नसे. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजी आला. नेहमीची तारीख ११ जून. त्याच्याही आधीपासून अवकाळी कोसळत होता, आणि ठाणे-पालघरच्या भट्ट्यांवर पाडलेल्या विटा आणि माणसं दोन्ही उघड्यावर होती. आता भातसा-काळू नद्यांच्या काठाला आणि ओढ्याच्या पात्रालगत झोपडी बांधू देत नाही. सामान उचलून कुठल्या उंचवट्यावर जायचं, ते मे लागताच दाखवून ठेवतो.

रात्री ९. माणसं निजलीत. पाच तासांनी पुन्हा साचा हातात.

भट्टीमालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. अंदाज आता तुमच्या खिशात येतो. नारिंगी दिसला की त्याच संध्याकाळी ओल्या विटा मोजून वहीत लिहा आणि रात्री त्या विरघळल्या तरी त्यांची मजुरी द्या. हे होत नाही तोवर ढग दिसत असूनही बाई साच्यावरून उठणार नाही.